पाठ निरीक्षणातून शिक्षकाच्या हाती काय पडतं?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेत केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा (केंद्राचा) अधिकारी आहे. त्याआधी बरीच वर्षं वर्गावर होतो. आधी माझे तास इतरांनी पाहिले, आता इतरांचे मी पाहतो, त्यामुळे या विषयावर पोटतिडकीनं लिहितोय.

शाळाभेटीला गेलं की शेरेबुक पुढं येतं. जुनी पानं चाळली तर सगळीकडे तेच: 'अध्यापन समाधानकारक. फलकलेखन सुबक. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा. अप्रगत विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यावे.' सह्या बदलतात, मजकूर बदलत नाही. यातलं कुठलंही वाक्य वाचून त्या शिक्षकाला उद्या वर्गात काय वेगळं करायचं ते कळत नाही. महाराष्ट्रात १९९४ साली केंद्रप्रमुखांची पदं निर्माण झाली ती शिक्षकाला जवळून शैक्षणिक मदत मिळावी म्हणून. आज आमचा निम्माअधिक जीव माहिती गोळा करण्यात जातो. यू-डायस (शाळांची सरकारी माहिती-नोंद), पोषण आहार, आधार जुळणी, आणि 'आज चारपर्यंत पाठवा' असे निरोप. उरलेल्या वेळात तास पाहायचा म्हणजे दारातून डोकवायचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. तास पाहून शिक्षक पुढं जायला हवा असेल तर ते पाहणं तपासणीपासून वेगळं काढलं पाहिजे. काय पाहायचं ते शिक्षकानं ठरवावं. पाहणाऱ्यानं मत न लिहिता घडलेलं लिहावं. बोलणं त्याच दिवशी व्हावं आणि त्याच गोष्टीसाठी पुन्हा यावं.

एक तास सांगतो. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. बाईंना मी तासाआधी विचारलं, मी काय बघू? त्या म्हणाल्या, "सर, मुलं बोलतात, पण तीच तीच बोलतात असं वाटतं. ते बघा." मी कागदावर मुलांच्या बसण्याचा आराखडा काढला. बाईंनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात उभी रेघ, मूल आपणहून बोललं तर टिंब. तास संपला तेव्हा फळ्याजवळच्या तिघांच्या चौकोनात रेघांची गर्दी होती, दाराजवळच्या सगळ्या चौकोनांत काहीच नव्हतं. मी तो कागद बाईंसमोर ठेवला आणि गप्प बसलो. त्यांनीच बोट ठेवून सांगितलं, "या बाजूला मी गेलेच नाही."

त्याच तासात आणखी एक घडलं. ५२ वजा २७. एका मुलानं पाटीवर ३५ लिहिलं. बाई म्हणाल्या, "चुकलं, परत बघ," आणि पुढं गेल्या. मी फक्त उदाहरण, त्याचं उत्तर आणि बाईंचं वाक्य टिपून ठेवलं. नंतर विचारलं, "त्यानं ३५ कसं काढलं असेल?" बाई क्षणभर थांबल्या आणि मग त्यांना दिसलं: २ मधून ७ जात नाहीत म्हणून पोरानं ७ मधून २ घालवले. म्हणजे त्याला वजाबाकी येत होती, दशक सुटा करणं येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला काड्यांचे गठ्ठे दिले आणि एक गठ्ठा सोडायला लावला.

आता हे सगळं मी 'गणित अध्यापन समाधानकारक' अशा ओळीत बसवलं असतं तर? तुमच्याकडे निरीक्षण कसं होतं ते लिहा. शिक्षक, मुख्याध्यापक, पालक सगळ्यांनीच.

---

खडूफळा

सर, धागा काढलात ते फार बरं झालं. खाजगी अनुदानित हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. आमच्याकडे पर्यवेक्षक लॉगबुक घेऊन येतात, मागच्या बाकावर बसतात, टाचण मागतात. टाचण तारखेनुसार पूर्ण आहे का, उद्दिष्टं लिहिली आहेत का, हे आधी. मग तास. आणि खरं सांगतो, ते बसले की सगळा वर्ग ताठ होतो. मुलं शहाण्यासारखी वागतात, आम्ही आधी झालेला धडा पुन्हा घेतो, कारण त्यात उत्तरं येतात. म्हणजे जो तास पाहिला जातो तो रोजचा तास नसतोच.

नोंद गोपनीय अहवालाला जोडली जाईल ही भीती असेल तर मी माझी अडचण का दाखवू? मी माझा सगळ्यात गुळगुळीत तासच दाखवणार.

---

पालवी

मी शिक्षणसेवक आहे. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड झाली आणि घरापासून खूप लांब, द्विशिक्षकी शाळेत रुजू झाले. पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे. डीएडला सराव पाठ घेतले तेव्हा एका वेळी एकच इयत्ता असायची, समोर एकच धडा. इथे पहिलीला अक्षरं द्यायची तोवर दुसरीनं काय करायचं, हा प्रश्न मला कुणी शिकवला नाही.

रुजू झाल्यापासून साहेब आले, पण माझा तास पूर्ण कुणी पाहिलेला नाही. मला तर कुणीतरी बसावं असं फार वाटतं! पण शेरा लिहून जाणारं कुणी नको. "तुम्ही पहिलीकडे वळलात तेव्हा दुसरीची पोरं अशी बसून होती" एवढं सांगणारं कुणी हवं. ते मला दिसूच शकत नाही, माझी पाठ असते तिकडे.

---

करडा_दगड

दोन्ही बाजू बघा. मी निवृत्त विस्तार अधिकारी आहे. सगळेच शिक्षक पालवीताईंसारखे शिकायला आतुर नसतात. अशा शाळा मी पाहिल्या आहेत जिथे अकरा वाजता वर्ग भरलेला नसायचा आणि फळ्यावर आदल्या आठवड्याची तारीख असायची. तिथे 'तुम्हाला काय पाहायला हवं' असं विचारत बसायचं का? गरीब पोरांचं वर्ष वाया जातं. तपासणी ढिली केली की पहिला मार त्यांनाच बसतो. धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे, पण व्यवस्था हेतूवर चालत नाही.

---

घाटमाथा

करडा_दगड साहेब, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तपासणी हवीच. शाळा वेळेवर उघडते का, वर्ग होतात का, मुलांना वाचता येतं का, हे शासनानं तपासलंच पाहिजे आणि कसूर असेल तर कारवाईही झाली पाहिजे. मी म्हणतो ते इतकंच की ती भेट वेगळी, वही वेगळी आणि जमलं तर माणूसही वेगळा. त्याच भेटीत, त्याच कागदावर दोन्ही कामं केली की खडूफळा सर म्हणतात तसा सजवलेला तास आपल्याला दिसतो. मग तपासणीही खोटी आणि मदतही खोटी.

आणि गुण देण्याबद्दल एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत २००९ ते २०१२ या काळात गेट्स फाउंडेशननं सुमारे ३,००० शिक्षकांवर मोठा प्रकल्प केला. तासांचं चित्रण करून प्रशिक्षित निरीक्षकांकडून गुण घेतले. एकाच तासाला वेगवेगळ्या निरीक्षकांनी वेगवेगळे गुण दिले, प्रशिक्षण असूनही. एकाच माणसानं दोन तास पाहण्यापेक्षा दोन वेगळ्या माणसांनी एकेक तास पाहिला तर गुण जास्त भरवशाचे येतात, असंही निघालं. आपण एका साहेबांच्या वीस मिनिटांवर शिक्षकाचा शेरा ठरवतो.

---

बर्मिंगहॅमकर

मूळची सोलापूरची, इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत गणित शिकवते. इथला अनुभव या चर्चेला उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

इथे ऑफस्टेड म्हणजे शासकीय शाळा तपासणी संस्था. पूर्वी त्यांचे निरीक्षक प्रत्येक तासाला १ ते ४ असा दर्जा द्यायचे. १ म्हणजे उत्कृष्ट, ४ म्हणजे अपुरा. त्यामुळे शाळांनीही आपापल्या अंतर्गत निरीक्षणात तेच आकडे सुरू केले. 'मला दोन मिळाले' असं शिक्षक एकमेकांना सांगायचे आणि पुढचं बोलणं कुणाच्या कानात शिरायचं नाही. २०१४ मध्ये ऑफस्टेडनं एकेका तासाला दर्जा देणं बंद केलं. तपासणी बंद झाली नाही. ते आजही येतात, वर्गात बसतात, शाळेविषयी कडक अहवाल लिहितात. पण एका तासावरून शिक्षकाला आकडा चिकटवत नाहीत.

माझ्या शाळेत आता दर काही आठवड्यांनी एक सहकारी दहा-पंधरा मिनिटं येऊन बसतो. बाहेर पडताना एकच गोष्ट ठरते, आणि पुढच्या वेळी तो तेवढंच बघतो. पहिल्यांदा माझी गोष्ट होती प्रश्न विचारल्यावर थांबणं. मी थांबतच नव्हते!

---

काजवा

बर्मिंगहॅमकर ताई, थांबण्यावरून आठवलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत असं त्यांना आढळलं. तोच वेळ तीन सेकंदांच्या आसपास नेला की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंदांना पैसा लागत नाही, जीआर लागत नाही. पण आपण थांबत नाही हे शिक्षकाला स्वतःला कळणं अवघड, त्यासाठी दुसऱ्याचे कान हवेत.

मी अध्यापक महाविद्यालयात शिकवते. आमच्या अभ्यासक्रमात फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत वर्षानुवर्षं आहे. दर तीन सेकंदांनी वर्गात कोण बोलतंय त्याची नोंद. एकूण दहा प्रकार: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, दहावा शांतता किंवा गोंधळाचा. बीएडची मुलं हे परीक्षेला पाठ करतात, दहा गुणांचं उत्तर लिहितात आणि नोकरीत गेल्यावर वर्गात एकदाही वापरत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. अख्खी पद्धत वापरायची गरज नाही. कोण बोललं, शिक्षक की मूल, एवढ्या दोनच रकान्यांत दहा मिनिटं खुणा केल्या तरी आरसा समोर येतो.

तासाआधी बोलणं, तास पाहणं, नोंदींवर विचार करणं आणि मग शिक्षकाशी बसणं, हा जो क्रम घाटमाथा सरांनी पाळला तो हार्वर्डमध्ये मॉरिस कोगन आणि रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी साठच्या दशकात बसवला. आपल्याकडे यातलं मधलंच तेवढं शिल्लक राहिलं.

---

सातपुडा_वाट

सगळं वाचलं, पटलं. एक गोष्ट राहतेय. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात शिकवतो. पोरं घरी पावरी बोलतात, पुस्तक मराठीचं. पहिलीच्या वर्गात निरीक्षणाला आलेले साहेब लिहून गेले, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अत्यल्प.' प्रतिसाद होता! पोरं आपसात पावरीत त्या चित्रावर भरभरून बोलत होती. चित्रातला बैल कुणाच्या बैलासारखा दिसतो यावर वाद चालला होता. साहेबांना ते बडबड वाटलं. ज्याला मुलांची बोली कळत नाही त्यानं 'प्रतिसाद' या रकान्यात काय भरायचं?

अशा ठिकाणी तास पाहताना सोबत गावातली अंगणवाडी ताई किंवा बोली जाणणारा शेजारच्या शाळेतला शिक्षक हवा. मुलं काय म्हणाली ते त्यांनी सांगावं. मग शिक्षकालाही कळतं की मराठी शब्द कुठल्या क्षणी पुढं करायचा.

---

घाटमाथा

सातपुडा_वाट सर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या केंद्रातही दोन पाड्यांवर हीच स्थिती आहे आणि हा मुद्दा मी माझ्या कागदात घालतो.

---

खडूफळा

पण मूळ प्रश्न वेळेचा. केंद्रप्रमुखांची किती पदं रिक्त असतात ते सगळ्यांना माहीत आहे. एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार. कोण कधी येऊन बसणार?

---

काजवा

वेळ आणि पैसा लागतो हे खरंच, पण आज आपण तो कुठं घालतो तेही बघा. नव्या शैक्षणिक धोरणानं २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. आपल्याकडे ते तास बहुतेक सभागृहातल्या प्रशिक्षणांत आणि मोबाइलवरच्या कोर्समध्ये भरले जातात.

दक्षिण आफ्रिकेतला एक प्रयोग इथे नेमका लागू पडतो. नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून दोन वर्षं पहिली-दुसरीच्या सेत्स्वाना वाचनावर काम झालं. मातृभाषेचं वाचन, गरीब शाळा, म्हणजे आपल्यासारखीच परिस्थिती. काही शाळांतल्या शिक्षकांना एकत्र बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या शाळांत तेच साहित्य, तेच पाठ नियोजन, पण मार्गदर्शक शाळेत जाऊन तास पाहायचा आणि शिक्षकाशी बोलायचा. दुसऱ्या गटातल्या मुलांच्या वाचनात झालेली सुधारणा पहिल्या गटाच्या साधारण दुप्पट निघाली. खर्च जास्त आला, पण दुपटीहून खूपच कमी.

केनियात 'तुसोमे' या वाचनाच्या कार्यक्रमात आपल्या केंद्रप्रमुखांसारख्याच अधिकाऱ्यांना टॅब दिले आणि प्रवासभत्ता प्रत्यक्ष पाहिलेल्या तासांशी जोडला. शाळेत जाऊन तास पाहिला तर पैसे. माझ्या मते आपल्याकडे हे लगेच करण्यासारखं आहे. आज केंद्रप्रमुख पेट्रोल खिशातून घालतो आणि त्याचं मोजमाप होतं पाठवलेल्या माहितीवरून.

---

करडा_दगड

भत्त्याची सूचना आवडली. मी नोकरीत होतो तेव्हा शाळाभेटीचा प्रवासभत्ता मिळेपर्यंत पुढचं वर्ष उजाडायचं. भेट कोणत्या कामाची ते आधी जाहीर करायचं, हेही पटलं. तपासणीच्या दिवशी तपासणी. फक्त मदतीच्या नावाखाली कामचुकार सुटणार नाही याची खबरदारी घ्या, एवढं माझं मागणं आहे.

---

पालवी

कुणी येईपर्यंत एकट्या शिक्षकानं काय करावं, यावर काही सुचवाल का? माझ्या शाळेत दुसरे सर म्हणजेच मुख्याध्यापक. ते माझ्या वर्गात बसले तर तिसरी-चौथी उघड्यावर पडते.

---

बर्मिंगहॅमकर

पालवी, मोबाइल खिडकीत ठेवून फक्त आवाज रेकॉर्ड कर. चित्रण नको, मुलांचे चेहरे येतात आणि त्यात पालकांच्या संमतीचा प्रश्न असतो. रात्री त्यातली पाचच मिनिटं ऐक. एकच प्रश्न मनात ठेव: या पाच मिनिटांत कोण किती बोललं? आणि ते रेकॉर्डिंग कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस, कुणी कितीही मागितलं तरी.

दुरून मदत होते याचाही अनुभव आहे. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये ७८ माध्यमिक शिक्षकांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक आपल्या तासाचं चित्रण पाठवायचे, मार्गदर्शक त्यातले छोटे तुकडे निवडून प्रश्न विचारायचा आणि मग दोघं फोनवर बोलायचे. पुढच्या वर्षी त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण वाढले. मार्गदर्शक वर्गात कधी गेलाच नव्हता.

---

सातपुडा_वाट

आमच्या केंद्रात वेगळं करून पाहिलं. महिन्याच्या शिक्षण परिषदेत एरवी सूचना वाचून दाखवतात, चहा होतो, सगळे घरी. आम्ही मागे लागून परिषद ज्या शाळेत असेल तिथल्या मुलांना थांबवून घेतलं आणि एका शिक्षकानं खरा तास घेतला. बाकीचे भिंतीला लागून बसले. सगळ्यांनी शिक्षकाकडेच बघायचं नाही, प्रत्येकानं दोन मुलं वाटून घ्यायची आणि ती मुलं काय करतात तेवढंच लिहायचं, असं ठरलं होतं.

नंतरच्या चर्चेत 'सर, तुमचा आवाज छान' असं कुणाला म्हणताच आलं नाही, कारण प्रत्येकाजवळ नोंद मुलाची. एकानं सांगितलं की त्याच्या वाट्याची मुलगी पूर्ण वेळ शेजारणीचं बघून लिहीत होती आणि फळा पुसल्याबरोबर थांबली. मग सगळेच त्या मुलीवर बोलू लागले. तास घेणाऱ्या सरांना अपमान वाटायचं कारणच उरलं नाही.

---

काजवा

सर, जपानमधले शिक्षक शंभरहून अधिक वर्षं साधारण असंच करत आले आहेत. तिथे काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण घेतो, बाकीचे मुलांकडे बघत नोंदी करतात आणि मग त्या पाठावर चर्चा होते. चर्चा पाठाची असते. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे घेणारा एकटा पडत नाही. तुम्ही धडगावात हे केलंत याचं फार कौतुक वाटतं.

---

खडूफळा

घाटमाथा सर, तुमच्या त्या कागदाचा नमुना इथे द्याल का? आमच्या पर्यवेक्षक मॅडमना दाखवतो. त्या ऐकणाऱ्या आहेत.

---

घाटमाथा

देतो. छापील नमुना नाही, कोऱ्या कागदावर तीन भाग करतो. वर शिक्षकाच्याच शब्दांत एक ओळ: आज काय पाहायचं. मधे वेळ आणि घडलेलं. '११:२० – बाईंनी विचारलं, दशक म्हणजे काय. तिघांनी हात वर केले. ज्याचा हात पहिला वर आला त्याला बाईंनी उत्तर विचारलं.' असंच. 'छान', 'प्रभावी', 'अपुरं' हे शब्द मधल्या भागात येऊ द्यायचे नाहीत. खाली दोन ओळी मोकळ्या, त्या शिक्षक भरतो: पुढच्या वेळेपर्यंत मी काय करून बघणार. आता सातपुडा_वाट सरांच्या सूचनेवरून मुलांच्या बोलीतलं बोलणं टिपायला बाजूला एक पट्टी ठेवतोय. कागद शिक्षकाकडेच राहतो. माझ्या वहीत फक्त पुढच्या भेटीची तारीख आणि ती वरची ओळ.

सुरुवातीला हे जड जातं. हात आपोआप शेरा लिहायला जातो. दोघांनी मिळून एकच तास पाहावा आणि नंतर कागद ताडून बघावेत, म्हणजे कुणी किती मतं घुसडली ते लगेच दिसतं. पर्यवेक्षक मॅडमना हे नक्की सांगा.

पालवीताई, तुम्ही माझ्या केंद्रातल्या नाही, पण तुमच्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विषय साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना विषयात मदत करणारी माणसं, असतील. त्यांना नेमकी मागणी करा: 'पहिलीला शिकवत असताना दुसरीची मुलं काय करतात, तेवढं बघायला या.' अशी ठरावीक मागणी असली की यायला सोपं जातं, आल्यावर कुठं बघायचं तेही कळतं.

---

पालवी

सर, आजच साधनव्यक्ती मॅडमना फोन केला. तुमचंच वाक्य वापरलं. त्या म्हणाल्या, इतकं नेमकं कुणी सांगत नाही. गुरुवारी दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाला येतायत. तोवर आज भाषेच्या तासाचा आवाज रेकॉर्ड केलाय, आता ऐकायला बसते.

---

घाटमाथा

उत्तम. गुरुवारी दुसरीला काय काम देणार आहात ते बुधवारीच मॅडमना कळवून ठेवा, म्हणजे मुलं कामात आहेत की नुसती बसली आहेत ते त्यांना ओळखता येईल. आणि झाल्यावर इथे लिहा, बहुवर्ग अध्यापनाचा प्रश्न माझ्या केंद्रातही जवळजवळ प्रत्येक शाळेत आहे.